आमंत्रण दिलेला पाला

आमच्या प्रांजलचं लग्न ज्या वैशाखात झालं ते साल दोन हजार त्रेचाळीस. मांडवाच्या जांभळाच्या डहाळ्या अजून वाळल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी ही नवी नवरी मांडवपरतणीला आली, ती एका हातात नवऱ्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात एक निळी पेटी घेऊन.

प्रांजल माझ्या मुलाची मुलगी. तालुक्याच्या दवाखान्यात नर्स. पुण्याच्या एका संस्थेने मधुमेहाच्या लोकांसाठी नवं यंत्र काढलं होतं आणि आमच्या डोंगरभागातली त्याची चाचणी तिच्याकडे होती. पेटी उघडली तर आत कपाळाच्या टिकलीएवढ्या चकत्या. लोक पुढे त्याला टिकलीच म्हणू लागले.

"आजोबा, दंड पुढे करा," ती म्हणाली.

"सुई असेल तर आधी सांग. मी आंब्यावर चढून बसतो."

"सुई नाही. काटे आहेत, केसाहून बारीक. कळणार पण नाही."

ह्यांनी दंड पुढे केला, पण आधी ओट्यावर जमलेल्या माणसांकडे एकदा बघून घेतलं. माझे मालक, नवसू पथवे, वय एकाहत्तर. उंबरदऱ्यात साखरेवर पाला देणारा माणूस म्हणून त्यांना तीन तालुके ओळखायचे. त्यांना स्वतःला साखर होती आणि त्यांनी जन्मात गोळी घेतली नव्हती. ही गोष्ट ते प्रत्येक येणाऱ्याला सांगायचे. हीच त्यांची पाटी होती.

"लाव बाई," ते म्हणाले. "आता जगालाच दिसू दे पाला काय करतो ते."

माणसं हसली. मी आत चुलीपाशी होते. माझे हात थांबले.

पाला म्हणजे बेडकीचा वेल. काही लोक त्याला गुडमार म्हणतात. आमच्या दऱ्यात झाडांवर चढलेला असतो. नवा माणूस आला की हे त्याला दोन पानं चावायला द्यायचे आणि वर गुळाचा खडा. तो खडा तोंडात वाळूसारखा लागतो. गोडी नाहीच, नुसती रवाळ माती. मी शेकडो माणसांचे चेहरे त्या क्षणी पाहिलेत. डोळे मोठे व्हायचे. मग हे म्हणायचे, "जिभेवरची साखर गेली ना? तशीच रक्तातली जाते." माणूस तिथेच त्यांचा होऊन जायचा.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा विश्वासच तसा होता. खोटं माझ्याकडून झालं होतं.

नऊ वर्षांपूर्वी ह्यांच्या पायाला बाभळीचा काटा लागला आणि जखम भरेना. दवाखान्यात नेलं तर साखर चारशेवर. डॉक्टरांनी जखम धुतली, गोळी लिहून दिली, म्हणाले ही रोज घेतली नाही तर पाय जाईल. घरी आल्यावर ह्यांनी ती चिठ्ठी चुलीत घातली. पण मी ती आधी वाचली होती. पंचेचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकले होते, त्यामुळे प्रत्येक कागद दोनदा वाचायची सवय होती. मेटफॉर्मिन, पाचशे, सकाळ-संध्याकाळ.

पाल्याची पूड ह्यांच्यासाठी मीच कुटायची. गोळी कडू, पाला कडू. पाट्यावर दोन्ही एक झाले की देवालाही ओळखू येणार नाही. जखम महिन्यात भरली. हे ओट्यावर बसून पाय सगळ्यांना दाखवायचे. मी म्हणायची, आज नको, उद्या सांगू. तो उद्या नऊ वर्षं पुढे गेला.

आणि गोळ्या मिळायच्या कुठून, तेही सांगते. पाला सुरू करणारा माणूस आपल्या गोळ्या आमच्या ओट्यावर सोडायचा. तसा रिवाजच पडला होता. हे मला सांगायचे, "टाकून दे खड्ड्यात." मी त्या मसाल्याच्या फडताळात, हळदीच्या डब्यामागे ठेवायची.

त्यात सगळ्यात जास्त गोळ्या रामनाथच्या होत्या. रामनाथ गभाले, दुधाचा टेम्पो चालवायचा. ह्यांना मामा म्हणायचा, मला मामी. दर महिन्याला दवाखान्यातून पट्ट्या आणायचा आणि आमच्या ओट्यावर बसून टक् टक् करत सगळ्या गोळ्या बाहेर काढायचा. रिकाम्या पट्ट्या घरी न्यायचा.

"असं कशाला रे?" मी एकदा विचारलं.

"कलावती पट्ट्या मोजते मामी. रिकामी दिसली की तिला झोप लागते. बायकोला झोप लागावी म्हणून मी हे काम करतो, पुण्य आहे."

"त्यापेक्षा दोनचार घेत जा की."

तो हसला. ओट्यावर घोरत पडलेल्या ह्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मामांना बघा. एक गोळी नाही, आणि पायात बैलाचं बळ. मला काय धाड भरलीय?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी गोळ्या पदरात गोळा केल्या आणि आत गेले.

रामनाथचे आधी डोळे गेले. टेम्पो थांबला. मग पाय काळा पडला. ह्यांनी पाला दुप्पट केला. पाय कापूनही तो राहिला नाही. लग्नाच्या वेळी त्याला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

टिकली लावून झाल्यावर प्रांजलने ओट्यावर सगळ्यांना ती काय करते ते समजावलं. मी दाराआडून ऐकत होते. तिचं बोलणं मला आजही शब्दाला शब्द आठवतं.

"जुनं यंत्र नुसती साखर किती ते सांगायचं," ती म्हणाली. "का उतरली ते नाही. आता बघा, प्रवरेला पूर आला की तुम्ही पाण्याकडे बघून सांगता ना, पाऊस कुठे पडला ते?"

"तांबडं पाणी आलं की घाटमाथ्यावर," एक जण म्हणाला. "पाचोळा आला की देवराईच्या अंगाला."

"तसंच. साखर उतरायला शरीरात चार-पाच वाटा आहेत. यकृत साखर सोडतं, ते कमी सोडायला लागलं तर उतरते. आतड्यातून कमी शोषली तर उतरते. इन्सुलिन वाढलं तर उतरते. प्रत्येक वाटेने उतरताना रक्तात वेगळा गाळ राहतो, इतका थोडा की आजवर कुठल्या यंत्राला दिसत नव्हता. टिकलीच्या काट्यांना तो दिसतो. लाखो माणसांच्या रक्तावर ती शिकली आहे. साखर उतरायच्या आधीच तिला कळतं की पाणी कुठून आलं." तिने मोबाइलवर रेघा दाखवल्या. "पाल्याची रेघ हिरवी येईल. गोळीची निळी. इन्सुलिनची पिवळी. आजोबांना फक्त हिरवी यायला हवी."

"निळी येऊन तर बघू दे," हे म्हणाले. "मिशी काढीन."

गोळी दिली तर निळी रेघ येणार. नाही दिली तर साखर चढणार. मी दुसरी वाट धरली. वाटलं, टिकली दंडावर तीन आठवडेच राहणार, तेवढ्यात थोडी चढेल, मग टिकली निघेल.

पहिल्या दिवशी एकशे नव्वद. दुसऱ्या दिवशी दोनशे छत्तीस. तिसऱ्या दिवशी दोनशे ऐंशी. हे घागरीपाशी सारखे जायला लागले. ओठ सुकलेले. आणि मोबाइलवर हिरवी रेघसुद्धा नाही, सपाट, जशी भिंतीला सारवणाची कड.

"यंत्र बिघडलंय," हे म्हणाले.

"यंत्र बरोबर आहे आजोबा. पाला कुठला घेताय?"

"लग्नाच्या गडबडीत पोत्यातला घेतला. पोती पुरवणाऱ्या काळूने आणलेला." मग स्वतःशीच म्हणाले, "आमंत्रण नाही दिलेलं त्याला."

आमंत्रण म्हणजे आमच्यातली जुनी रीत. पाला तोडायच्या आदल्या संध्याकाळी वेलापाशी जायचं. मुळाशी तांदळाचे चार दाणे आणि हळद ठेवायची. नखाने वेलाच्या सालीवर एक चीर द्यायची, वर दोरा आवळून बांधायचा आणि सांगायचं, उद्या येतो, तयार राहा. सकाळी सूर्य यायच्या आत, आपली सावली पडू न देता पानं खुडायची. सासऱ्यांनी ह्यांना असंच शिकवलं होतं. पण माणसं वाढली, रोज शंभर पुड्या लागायला लागल्या. पोती यायला लागली. दुपारी कोयत्याने कापलेला पाला. ह्यांना ते टोचायचं, पण दारात उभ्या माणसाला परत कसं पाठवायचं?

चौथ्या दिवशी साखर तीनशे अठरा. त्या संध्याकाळी हे काठी टेकत, दम खात दरीत गेले आणि वेलाला आमंत्रण देऊन आले. पहाटे पाला आणला. मी पाट्यापाशी बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला पुढचं काही सुचलं नाही. मी फडताळात हात घातला.

नऊ वाजता प्रांजल धावत आली. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"आजोबा! उठली! हिरवी उठली!"

मोबाइल तिने आमच्या मध्ये धरला. मी ती रेघ पाहिली. चार दिवस मेलेली जागा, आणि तिथून कोंब फुटावा तशी हिरवी रेघ वर आलेली. माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी अंधारात वेलापुढे दाणे ठेवले, ते सगळं त्या रेघेत होतं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी.

"पण आजोबा," प्रांजलचा आवाज बदलला, "ही निळी कुठून आली?"

हिरवीच्या वर, तिच्या तिप्पट उंच, निळी रेघ होती.

"मी गोळी घेतली नाही," हे म्हणाले. "आईची शपथ."

"मला माहीत आहे तुम्ही खोटं बोलत नाही. म्हणूनच विचारते."

मी उठले. हळदीच्या डब्यामागची पुरचुंडी आणून त्यांच्यापुढे सोडली. पांढऱ्या गोळ्या घरंगळत गेल्या.

"हे काय?"

"तुमचं औषध. पायाला काटा लागला तेव्हापासून."

ते आधी हसले. मी चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं असेल. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

"कोणाच्या ह्या?"

त्यांनी एक गोळी उचलली, बोटांत फिरवली. आवाज इतका खाली गेला की प्रांजलला पुढे वाकावं लागलं.

"रामनाथच्या?"

"जास्त करून त्याच्याच."

ते उठून बाहेर गेले. दुपारपर्यंत आंब्याखाली बसले. जेवले नाहीत. संध्याकाळी पूड माझ्या हातून घेतली नाही, प्रांजलकडून गोळी घेतली, तीही तिच्याकडे न बघता. असे आठ दिवस. मला एकच वाक्य बोलले ते त्या आठव्या दिवशी.

"वही काढ."

वही माझी होती. कोणाला कधी पाला दिला, कुठला, कोणी खुडला, हे मी अक्षरं आल्यापासून लिहीत होते. त्यांनी मला रामनाथचं पान वाचायला लावलं. मी वाचत गेले. पहिला महिना, आमंत्रणाचा. दुसरा महिना, पोत्यातला. तिसरा, पोत्यातला. पुढे तीन वर्षं, पोत्यातला.

"म्हणजे मीही," ते म्हणाले.

प्रांजल म्हणाली, "आजोबा, आमंत्रणाचा असता तरी त्याला पुरला नसता. त्याची साखर फार वर होती. त्याला गोळी हवी होती, नंतर इन्सुलिन."

"ते बरं वाटावं म्हणून सांगतेस?"

"नाही. बरं वाटावं असं त्यात काही नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कलावतीकडे गेलो. ती अंगणात पापड वाळत घालत होती. ह्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. माझं मी सांगितलं. ती ऐकत राहिली, हातातला ओला पापड तसाच.

"मी मोजायचे," ती शेवटी म्हणाली. "रात्री दिव्यापाशी बसून पट्ट्या मोजायचे. सगळी भोकं मोकळी. म्हणायचे, शहाणा झालाय." मग माझ्याकडे बघितलं. "आणि त्या तुमच्या मालकाच्या पोटात गेल्या."

"हो."

"मामी, तुम्हाला वाचता येत होतं. मला येत नाही. तुम्हाला येत होतं."

तिने पापड उन्हात आपटला आणि आत गेली. दार लावलं नाही, पण आम्हाला आत बोलावलंही नाही. परत येताना चढावर ह्यांनी हात पुढे केला. आठ दिवसांत पहिल्यांदा. मी धरला.

नंतर पुण्याची माणसं आली. एक दिवस आमंत्रणाचा पाला, एक दिवस पोत्यातला, ह्यांच्यावर आणि गावातल्या अकरा जणांवर, सगळ्यांच्या गोळ्या चालू ठेवून. कोणाला कुठला पाला ते माणसांनाही माहीत नव्हतं आणि मोजणाऱ्यांनाही. ते फक्त माझ्या वहीत होतं. तीन महिने झाले. आमंत्रणाच्या प्रत्येक दिवशी हिरवी रेघ उठली. पोत्याच्या एकाही दिवशी नाही.

त्यांनी कारण शोधलं तेही सांगितलं. नखाची चीर आणि आवळलेला दोरा, यामुळे वेलाला वाटतं जनावर चरायला आलं. मग तो रात्रभर पानांत कडू रस चढवतो, स्वतःला वाचवायला. सूर्य वर आला की रस उतरतो. तो रस आपल्या आतड्यात जाऊन बसतो, साखर आत येते त्या दारांवर, जिभेवर बसतो तसाच, आणि काही साखर बाहेरच राहते. त्यांच्यातल्या मोठ्या बाई वेलापाशी खाली बसल्या, चीर बोटाने चाचपली, आणि किती तरी वेळ उठल्याच नाहीत.

"बाबा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"वेलालाच विचारलं असेल कोणी तरी," हे म्हणाले. "दाणे ठेवून."

"आणि तांदळाचे दाणे कशासाठी?"

"पाहुण्याला रिकाम्या हाताने जेवायला बोलावतात का?"

पण आकडे आकडेच राहिले. पाल्याने ह्यांची साखर वीसएक उतरायची, गोळीने साठ-सत्तर. कोणाकोणाची रेघ उठली तरी साखर फारशी उतरलीच नाही. एकदा चाचणीतल्या एका म्हातारीने गोळी, पाला आणि वर उपास असं तिन्ही केलं. साखर अठ्ठावन्नवर गेली आणि ती शेतात कोसळली. टिकलीने प्रांजलला आधीच हाक मारली म्हणून वेळेत साखरपाणी पोचलं.

त्यानंतरच्या गुरुवारी हे ओट्यावर उभे राहिले. साठ-सत्तर माणसं होती. त्यांनी मिशी काढून टाकली होती. कोणी हसलं नाही.

"मी तुम्हाला सांगत आलो की मी गोळी घेत नाही," ते म्हणाले. "मी नऊ वर्षं घेत होतो. मला माहीत नव्हतं, पण घेत होतो. ज्यांनी माझ्याकडे बघून सोडल्या, त्यांनी आज दवाखान्यात जायचं. पाला हवा असेल तर डॉक्टरला सांगून घ्या. लपवून नको. आमच्या घरात लपवलं, त्यात एक माणूस गेला. त्याचं नाव रामनाथ."

"आणि मामीला काय शिक्षा?" मागून कोणी तरी विचारलं.

"तिने मला जिवंत ठेवलं. शिक्षा तिला माहीत आहे."

पोती त्या दिवशी बंद झाली. पुढे आम्ही दोघं संध्याकाळी दरीत जायचो, दहा-बारा माणसांपुरताच पाला. एका संध्याकाळी मी घरी आले, गोळ्यांची पट्टी फडताळातून काढली, ओट्यावर ठेवली आणि तिच्यापुढे तांदळाचे चार दाणे ठेवले. का, ते मला सांगता येणार नाही.

हे बघत होते. "हिला कसलं आमंत्रण?"

"तुमच्या घरात नऊ वर्षं चोरून आली. आता रीतसर बोलावते."

ते खूप हसले, खोकला येईपर्यंत. सकाळी त्यांनी पट्टीतून गोळी टक् करून काढली, आणि तो आवाज झाल्यावर आम्ही दोघंही गप्प झालो. मग त्यांनी ती गिळली. पुढची सात वर्षं त्यांनी रोज ती माझ्या हातून घेतली, सगळ्यांसमोर.

माझे पती नवसू बाळा पथवे चार फेब्रुवारी दोन हजार एक्कावन्न रोजी सकाळी सात वाजता घरी वारले. वय एकोणऐंशी. हृदय थांबलं. साखर त्या दिवशी एकशे बत्तीस होती. पहाटेचा पाला त्यांनी घेतला होता आणि टिकली दंडावर होती. श्वास थांबल्यावर प्रांजलने मोबाइल माझ्या हातात दिला. हिरवी रेघ अजून वर होती. बारा मिनिटं होती, मग निजली.

रामनाथ भिवा गभाले, दूध टेम्पोवाला, बारा ऑगस्ट दोन हजार एक्केचाळीस रोजी वारला. वय एकावन्न. त्याच्या गोळ्या माझ्या फडताळात होत्या.